आधी तेतेचा घोट

तेतेनं पेला तोंडाला लावला आणि चियोनेसोची नजर जाऊन थेट तेतेच्या गळ्याला चिकटली.

गळा हलला का? हलला. पण घोट केवढा, तर चिमणीची चोचसुद्धा धड ओली होणार नाही एवढा. मग तेतेनं कमरेच्या कापडाच्या टोकानं ओठ टिपले आणि दोन्ही हातांनी पेला पुढं केला.

“घे, सूनबाई. मी प्यायले, बघितलंस ना? चेटूक नाही, काही नाही.”

आमाईनं, म्हणजे चियोनेसोच्या आईनं, आधी आपली संध्याकाळची गोळी पाण्याबरोबर गिळली. मग ओंजळ जुळवून दोन हलक्या टाळ्या वाजवल्या, पेला घेतला आणि तो लालभडक काढा डोळे मिटून गटागटा संपवला. अख्खा. तळाच्या गाळासकट.

देणाऱ्यानं आधी प्यायचं, हा नियम काही तेतेनं शोधलेला नव्हता. लग्नातली बिअर असो, पाहुण्यापुढचं ताक असो नाहीतर औषध असो, ज्याच्या हातून जातं त्यानं पहिला घोट घ्यायचा. म्हणजे घेणाऱ्याच्या मनातला किडा मरतो. चियोनेसोच्या मनातला किडा मात्र मरायचं नावच घेत नव्हता. तेतेच्या त्या एवढ्याशा घोटावर पोसून तो चांगला धष्टपुष्ट झाला होता. औषध जर इतकं गुणाचं, तर तेते स्वतः एवढंसंच का पिते?

तेते म्हणजे आत्या. तेते मुचानेता ही चियोनेसोच्या वारलेल्या बाबांची थोरली बहीण, आणि त्यांच्याकडं भावाच्या बायकोलाही सूनबाईच म्हणतात. मुचानेता या नावाचा अर्थ ‘थकाल तुम्ही!’ ती जन्मली तेव्हा आजोबांचं शेजाऱ्यांशी शेताच्या हद्दीवरून भांडण पेटलं होतं. शेजाऱ्यांना जे ऐकवायचं ते त्यांनी पोरीच्या नावातच ऐकवून टाकलं. दिवसातून दहादा अंगणातून पोरीला हाक मारायची नि पलीकडच्यांनी चरफडायचं! पुढं शेजारी खरंच थकले, आजोबा गेले, आणि तेते तेवढी नावाला जागत राहिली. तिच्याशी वाद घालून थकला नाही असा माणूस अजून जन्माला यायचा होता.

त्यातून ती चिपिंगेची. मुतारे शहरात कुणालाही विचारा, चेटकासाठी बदनाम असलेल्या चिपिंगेच्या डोंगरातली म्हातारी दारात उभी राहिली की लोक आधी तिच्या पिशवीकडं बघतात आणि मग तोंडाकडं. तेते बसमधून उतरली त्या दिवशी शेजारच्या माई टोंडेराईनं भरदुपारी कोंबड्या आत घेतल्या होत्या.

पण चियोनेसोचं कारण कोंबड्यांपेक्षा जुनं होतं. बाबांना पुरलं त्या दिवशी, सगळ्या सोयऱ्यांच्या देखत, तेते आमाईकडं बघून म्हणाली होती, “माझ्या भावाच्या गळ्यात हे मरण कुणी बांधलं, ते ज्याचं त्याला ठाऊक.” चियोनेसो तेव्हा लहान होती. पण काही वाक्यं काट्यासारखी असतात. वर कातडं येतं, काटा आत तसाच. आणि आता तीच तेते आमाईच्या पुढ्यात रोज लाल काढा धरत होती.

आमाईला एचआयव्ही होता. बाबाही त्यानंच गेले. बाबांच्या वेळी गोळ्या हाताशी नव्हत्या, आमाईच्या वेळी होत्या. गोळ्यांनी तिला अगदी खड्ड्याच्या काठावरून ओढून आणलं. खोकला गेला, गालांवर मांस आलं, कोपऱ्यातली पायमशीन पुन्हा खडखडायला लागली. साकुब्वा वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर आमाईनं शिवलेले गणवेश होते! पण गोळ्यांनी एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं आमाईचे पाय मागितले. तळपाय पेटायचे. चपला घालवत नव्हत्या, पांघरूण सोसवत नव्हतं, आणि मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला की निखाऱ्यावर ठेवल्यासारखी ती कळवळायची. दवाखान्यातल्या सिस्टर मुकारातींनी दुसऱ्या गोळीसाठी वर कळवलं होतं. वरचे लोक वरच होते.

मशीनवर धूळ साचली तेव्हा एकदा आमाई पाय पाण्यात बुडवून बसली असताना म्हणाली, “या गोळ्या सोडल्या तर निदान पाय तरी माझे राहतील.”

ते ऐकून चियोनेसोला बाबा आठवले. बाबा जाताना कसे दिसत होते ते तिला विसरायचं होतं आणि विसरता येत नव्हतं.

मग तेते आली, काढा आला आणि खरंच, पाय निवले. मशीन पुन्हा गाऊ लागली. आमाई म्हणाली, “तेतेचा काढा आहे म्हणून गोळ्या चालल्यात, नाहीतर केव्हाच फेकल्या असत्या.” खरं तर चियोनेसोनं नाचायला हवं होतं. एक-दोन दिवस नाचलीसुद्धा. पण नाचता नाचता तिला दिसलं की आमाईच्या झग्यांना आत टाचण्या लागायला लागल्यात, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नव्हे, आमाईच्या स्वतःच्या. गालांवरचं मांस पुन्हा उतरत होतं. आणि दोन घरांत मिळून असलेल्या अंगणातल्या संडासाचं दार आमाईच्या हातून जरा जास्तच वाजत होतं.

“गोळ्यांनी पोट बिघडतं गं, सगळ्यांचंच,” आमाई म्हणाली.

“गोळ्यांचं विष बाहेर पडतंय,” तेते म्हणाली.

चियोनेसो काहीच म्हणाली नाही, आणि ही फार मोठी गोष्ट होती. कारण नुकतीच ती शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आली होती. तेव्हापासून आपण विचारू शकणार नाही असा प्रश्न सूर्याखाली शिल्लक नाही असं तिचं ठाम मत झालं होतं. तिनं दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाच्या खोपटाचं दार ठोठावलं. तेते काढा करताना दार आतून लावून घ्यायची.

“तेते, काढ्यात काय असतं?”

“पाणी.”

“आणि पाण्यात?”

“पाण्यात ओल असते. जा, अभ्यास कर.”

“आम्हाला शाळेत सिस्टरनी सांगितलंय. काही झाडपाला गोळ्यांशी भांडतो. काय घेताय ते दवाखान्यात सांगा म्हणून.”

दार बोटभर उघडलं. फटीतून तेतेचा एक डोळा दिसला. “अस्सं! म्हणजे सिस्टरनं पाठवलंय तुला?”

“कुणी नाही पाठवलं! मी माझी विचारतेय.”

“एकदा माझ्या खोकल्याच्या औषधाचं असंच एकीनं गोड बोलून विचारलं होतं. शेजारीणच. आता ती बाजारात बाटल्या भरून विकते, वर स्वतःचं नाव चिकटवून. तुला वादविवादात बक्षीस मिळालं असेल, पण माझ्या चुलीशी वाद घालू नकोस.” दार लागलं. आतून कडीही लागली.

उखळ तेते स्वतः धुवायची. साली चुलीत जाळायची. गाळलेला चोथा घराबाहेर खड्डा करून पुरायची आणि वर पाय आपटून माती बसवायची. एवढं कोण करतं? ज्याला लपवायचं असतं तोच ना? चियोनेसोनं पाळत वाढवली. ती खिडकीशी दप्तर घेऊन बसायची, खोपटाच्या कुडाशी वाकून बुटांची नाडी बांधायची. एवढ्या वेळा बांधायची की शेवटी तेतेनं विचारलं, “पोरी, तुझी नाडी आहे की साप? सारखी सुटते ती!”

आणि मजा अशी की चियोनेसो जितकी डोकावू लागली, तितका काढा अधिकाधिक लाल होत गेला. आधी चहासारखा होता. मग विटेसारखा. आता तर कोंबडी कापल्यासारखा.

एका सुट्टीच्या सकाळी तेते पिशवी घेऊन निघाली. चियोनेसो तिच्या मागं, बरंच अंतर ठेवून. फुटबॉलच्या मैदानामागं नदी वळते तिथं तेते थांबली, इकडंतिकडं बघितलं आणि एका जाड्या झाडाच्या खोडाची साल सुरीनं सोलून काढली. आतून खोड रक्तासारखं लाल. तेतेनं जखमेवर चिखल लिंपला, झाडाला दोन टाळ्या वाजवून नमस्कार केला आणि परतली. ती नजरेआड झाल्यावर चियोनेसोनं खाली पडलेला सालीचा तुकडा उचलला आणि कंपासपेटीत टाकला. कर्कटकाच्या शेजारी. छाती अशी धडधडत होती, जणू चोरीचा माल हाती लागलाय!

त्याच आठवड्यात आमाईच्या रक्ताच्या तपासणीचा निकाल आला.

सिस्टर मुकाराती मोठ्यानं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या हळू बोलायच्या आणि त्यानंच जास्त भीती वाटायची. “माई चियोनेसो,” त्या म्हणाल्या, कारण आईला लेकराच्या नावानंच हाक मारायची, “विषाणू दबला होता. आता पुन्हा वर आलाय. गोळ्या चुकवताय?”

“एकही नाही, सिस्टर.”

“या खुर्चीत बसून सगळेच हेच सांगतात.”

“माझ्या मुलीची शपथ.”

“मुलीची शपथ रक्त ऐकत नाही हो.”

आमाईची मान खाली गेली. गोळी एकही दिवस न चुकवणारी आमाई! चियोनेसोचा जीव तिळतिळ तुटला. तिनं तोंड उघडलं मात्र, तोच टेबलाखालून आमाईच्या पायानं तिचा पाय दाबला. तोच पाय, ज्यावर चादरसुद्धा सोसवत नव्हती.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर आमाई थांबली. “काढ्याचं बोलणार होतीस ना? ऐक. सिस्टर म्हणेल, बंद कर. बंद केला की पाय पेटणार. पाय पेटले की मशीन बंद. आणि मग मी गोळ्यासुद्धा बंद करणार, चियो. मी मला ओळखते.”

“पण आमाई, काढ्यामुळेच जर...”

“तेते माझ्यासमोर आधी पिते. रोज. विष असतं तर आधी ती मेली असती.”

चियोनेसो बसमध्ये खिडकीशी बसली. बाहेर बघता बघता तिला तो गळा दिसत होता. तो हललेला न हललेला गळा. चिमणीची चोच.

त्या संध्याकाळी सूर्य डोंगराआड कलला, आमाईनं गोळी घेतली, तेतेनं नेहमीप्रमाणं पेला तोंडाला लावला, एवढासा घोट घेतला आणि पुढं केला. आमाईचे हात टाळीसाठी जुळले. आणि चियोनेसोनं मधेच पेला धरला.

“आज अख्खा पेला, तेते.”

“काय?”

“तुम्ही प्या. अख्खा. तळाच्या गाळासकट. आमाई पिते तसा.”

बापाच्या बहिणीला असं बोलायचं? लग्नात, मर्तिकात, भांडणात जिचा शब्द शेवटचा, तिला? आमाईनं तोंडावर हात घेतला. “चियोनेसो! गुडघ्यावर बस! माफी माग!”

चियोनेसो गुडघ्यावर बसली. पण पेला सोडला नाही. “गुडघ्यावर बसून विचारते, तेते. प्या.”

तेतेचे डोळे बारीक झाले. “म्हणजे माझ्या भावाची लेक, माझ्याच देवकाची पोर, मला चेटकीण म्हणतेय.” देवक म्हणजे मोयो, काळीज. तेतेचं आणि चियोनेसोचं एक. म्हणून त्या दोघी कधी कुठल्या जनावराचं काळीज खायच्या नाहीत. आमाईचं देवक वेगळं, सोको म्हणजे वानर. “तू सोको असतीस तर समजू शकले असते. त्या घराण्याला झाडावरून डोकवायची सवयच असते.”

“वातेते!” आमाई म्हणाली. आदरानं म्हणाली, पण तिलाही लागलं होतं.

“दे इकडं,” तेते म्हणाली आणि चियोनेसोच्या डोळ्यांत डोळे रोखून तिनं पेला रिकामा केला. घोट, घोट, घोट. या वेळी गळा असा हलला की पलीकडच्या गल्लीतून दिसला असता. शेवटी तिनं पेला उलटा करून दाखवला. “झालं? मेले? नाही मेले! आता साडझा टाक, भूक लागलीय. संशय पिऊन पोट भरत नाही.”

चियोनेसोनं मक्याचं पीठ पातेल्यात टाकलं, घोटलं आणि मनातल्या मनात जमीन दुभंगायची वाट बघत राहिली. हरले! सगळ्यांसमोर, साफ हरले! आता तेते हे वाक्य थेट चिपिंगेपर्यंत नेणार आणि पुढच्या प्रत्येक लग्नात सांगणार. साडझा घट्ट झाला. भाजी उतरली. ताटं मांडली. तेतेनं हात धुतले, पहिला गोळा वळला आणि तो तसाच हातात धरून थांबली.

“काय झालं, वातेते?”

“काही नाही,” तेते म्हणाली आणि उठली. आधी सावकाश, आब राखून. दारापर्यंत पोचेतो आब गळून पडला होता. संडासाचं दार धाडकन वाजलं.

ती परत आली, बसली, पुन्हा गोळा वळला, पुन्हा उठली. तिसऱ्या खेपेला शेजारच्या माई टोंडेराई आतूनच ओरडल्या, “आज घराघरात पूर आलाय की काय?”

“विष!” चियोनेसो किंचाळली. “बघ आमाई, विषच आहे!”

“विष नाही, मूर्ख पोरी!” तेते दाराची चौकट धरून उभी होती. घामाघूम, केस विस्कटलेले. “विष कुठलं आलंय! ती नुसती रंगाची साल आहे! ती औषधसुद्धा नाही!”

तेतेनं जीभ चावली. पण सुटलेला शब्द आणि सुटलेलं पोट, दोन्ही परत आत जात नाहीत.

“औषध नाही?” आमाईनं हळूच विचारलं. “मग आत कशाला घालता?”

तेते धपकन चटईवर बसली. “औषध मुळात आहे. मुळाचा काढा फिका होतो, पिवळट. वासावरून नि रंगावरून कळतं कुणालाही. म्हणून वरून साल घालायची. आमच्यात सगळ्याच घालतात, कुणी साल, कुणी कोळसा, कुणी पानं. खरं काय ते कळू नये म्हणून. नखाएवढी घातली की रंग येतो, काही होत नाही. बोटभर घातली तर...” तिनं पोटावर हात ठेवला. “गावाकडं जंत झालेल्या पोरांना देतो आम्ही. पोट धुऊन निघतं.”

“आणि तुम्ही आमाईच्या पेल्यात किती घालत होता?” चियोनेसोनं विचारलं. आता तिचा आवाज वादविवादाचा राहिला नव्हता.

तेतेनं करंगळीचं नख पुढं केलं. “आधी नखाएवढीच. मग तू खिडकीत बसायला लागलीस. कुडाला कान लावायला लागलीस. मला वाटलं, सिस्टरनं पाठवलीय, आता हीही बाटल्या भरणार. तू जितकी डोकावलीस, तितकी मी साल वाढवत गेले.”

ताटातला साडझा गार होत होता. चियोनेसोला एकेक गोष्ट दिसत होती: संध्याकाळची गोळी, तिच्या पाठोपाठ लाल पेला, आणि लगेच संडासाचं दार. गोळी पोटात बसायच्या आधीच वाहून जात होती. रोज. आणि तेते रोज आधी प्यायची, अगदी प्रामाणिकपणे, चिमणीच्या चोचीएवढं.

“मी गोळी चुकवली नव्हती,” आमाई एवढंच म्हणाली. “बघितलंस ना, चियो? एकही चुकवली नव्हती.” आणि ती रडायला लागली. गंमत म्हणजे पहिला हात तिच्या पाठीवर पडला तो तेतेचा.

दुसऱ्या दिवशी तिघी दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या. मधे चियोनेसो, कारण दोघींनाही एकमेकींच्या शेजारी बसायचं नव्हतं. तेते समोरच्या भिंतीला उद्देशून बोलली. “भावाला पुरताना मी जे बोलले, ते तू अजून धरून आहेस. म्हणून माझ्या गळ्याकडं बघतेस. मला कळत नाही असं वाटतं होय?”

चियोनेसोनं मान खाली घातली.

“रागाला कुणीतरी लागतं, पोरी. नंतर कळलं मला. ती मरणाची दोरी माझाच भाऊ घेऊन आला होता, ट्रकबरोबर हिंडता हिंडता. हिच्याही गळ्यात त्यानंच टाकली.” तिनं आमाईकडं बघितलं नाही. आमाईनंही बघितलं नाही. पण आमाईनं आपली पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली. त्या जागेत तेतेला जरा पाय पसरता आले.

सिस्टर मुकारातींनी सगळं ऐकून घेतलं. कंपासपेटीतली साल बघितली, हुंगली आणि म्हणाल्या, “हिनं तर बैलाचंही पोट साफ होईल. आजपासून बंद. आणि माई चियोनेसो, त्या दिवशी मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. चुकलं माझं.” मग तेतेकडं वळून, “मूळ कोणतं, आजी?”

तेतेचे ओठ शिवल्यासारखे मिटले.

“मला नाव नको विकायला. गोळीशी जमतं का ते मोठ्या दवाखान्यात विचारायचंय.”

“मुळाचं नाव मोयोंच्या बाहेर जात नाही,” तेते म्हणाली. “माझ्या आत्यानं मला दिलं. मी फक्त भावाच्या लेकीला देऊ शकते.” आणि तिथंच, सगळ्यांच्या समोर, ती चियोनेसोच्या कानाशी वाकली आणि एक शब्द पुटपुटली. तंबाखूचा वास आणि तो शब्द. “आता ते तुझं. तुझ्यातून पुढं कुठं जातं ते तू बघ.”

चियोनेसोनं सिस्टरकडं बघितलं. मग आमाईच्या पायांकडं, पुढून उघड्या चपलांमधल्या सुजलेल्या बोटांकडं. आणि ते नाव तिनं स्पष्ट, मोठ्यानं, स्पर्धेतल्यासारखं सांगून टाकलं.

तेते छताकडं बघत होती. “मला वयामुळं कमी ऐकू येतं,” ती म्हणाली. “कुणी काही बोललं का?”

सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, “मलाही याचं गोळीशी जमतं की नाही ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही म्हणजे पोटात नाही. उत्तर येईपर्यंत एक थेंब नाही.”

“मग माझ्या पायांनी काय करायचं?” आमाईनं विचारलं. तिचा आवाज पुन्हा त्या दिवसासारखा झाला होता, फाटकाबाहेरच्या. चियोनेसोनं तो ओळखला. गोळ्या. आता ही गोळ्या सोडणार.

“पोट सिस्टरचं,” तेते अचानक म्हणाली. “पाय कुणाचे? पाय तर बाहेर आहेत. मूळ उकळायचं, पाणी कोमट करायचं, पाय बुडवायचे. पूर्वी तसंच करायचे. प्यायला लागलो ते नंतर, आळसानं.”

सिस्टरनी आमाईचे तळपाय नीट तपासले. कुठं चीर नाही, जखम नाही. “कोमट. गरम नाही. आणि कातडं लाल झालं तर लगेच माझ्याकडं. गुण कमी येईल कदाचित, हे धरून चाला. दुसऱ्या गोळीसाठी मी पुन्हा वर कळवते. आता रोज कळवते.”

संध्याकाळी तेतेनं खोपटाचं दार उघडं ठेवलं. चियोनेसोसाठी. आमाईला आत यायला तरीही बंदी होती, सोकोंनी बाहेर बसावं. मूळ अंगठ्याएवढं, गाठीगाठीचं, कापलं की आत हळदीसारखं पिवळं. पाणी फिकट झालं, बिनरंगाचं म्हणावं असं. ते बघून तेते इतकी अस्वस्थ झाली की तिनं परातीवर फडकं टाकलं आणि कुंपणापलीकडं एक जळजळीत नजर टाकली. माई टोंडेराई घाईघाईनं कपडे वाळत घालू लागल्या. ते आधीच वाळलेले होते.

आमाईनं गोळी हातावर घेतली. तिच्याकडं बघत राहिली.

“पाय थोडे जरी निवले,” आमाई म्हणाली, “तर मी चालवून घेईन. थोडे तरी निवायला हवेत.” आणि तिनं गोळी गिळली, वर पाणी प्यायली आणि चटईवर पाय पसरून बसली. पोट शांत होतं. गोळी आता आतच राहणार होती.

तेतेनं परात आमाईपुढं सरकवली आणि मग स्वतः समोर बसून कापड गुडघ्यापर्यंत वर घेतलं. चिपिंगेच्या डोंगरात आयुष्यभर अनवाणी चाललेला, टाचेला भेगा पडलेला आपला पाय तिनं उचलला आणि पाण्याच्या वर धरला. आधी देणाऱ्याचा.

तिनं अंगठ्याचं टोक बुडवलं.

“अहं, वातेते,” आमाई म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. “अख्खा पाय. घोट्यासकट.”

तेतेनं डोळे वटारले. चियोनेसोकडं बघितलं. चियोनेसोची नजर परातीवर खिळलेली होती, एकटक, जशी पूर्वी त्या गळ्यावर असायची.

“बघा आता माय-लेकी,” तेते पुटपुटली, “नीट बघा,” आणि अख्खा पाय घोट्यापर्यंत पाण्यात घालून, तो तसाच आत ठेवून, तिनं आमाईला दुसऱ्या बाजूनं जागा करून दिली.